जुन्या कॅथलिक चर्चमध्ये शिरल्यावर नेमकं काय पाहायचं?

८ डिसेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलमध्ये एक विधी झाला. आगीनंतर साडेपाच वर्षांनी ही वास्तू पुन्हा उघडली होती आणि जगभरातले लोक तो सोहळा पडद्यावर पाहत होते. ब्राँझच्या नव्याकोऱ्या वेदीत संतांचे अवशेष ठेवले गेले. मग आर्चबिशपांनी वेदीवर तेल ओतलं आणि तळहातांनी ते तिच्या पृष्ठभागावर चोळलं. त्यानंतर तिच्यावर धूप जाळला, कापड अंथरलं, मेणबत्त्या लावल्या. पाहणाऱ्यांपैकी अनेकांना प्रश्न पडला: इमारत दुरुस्त झाली, छत बसलं, मनोरा उभा राहिला, मग आता एका टेबलासाठी एवढं सगळं कशाला?

या प्रश्नाचं उत्तर कळलं की जगातल्या कुठल्याही जुन्या कॅथलिक चर्चमध्ये तुम्ही गोंधळणार नाही. प्रवासात आपण अशा चर्चमध्ये शिरतो, वर बघतो, रंगीत काचांचे फोटो काढतो आणि दहा मिनिटांत बाहेर पडतो. आत कुणी नसेल तर आणखी लवकर. पाहण्यासारखं तिथे पुष्कळ असतं. सुरुवात कुठून करायची हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

सगळी इमारत एका टेबलाभोवती

कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला मिस्सा म्हणतात. क्रूसावर मरण येण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला. त्याने भाकर मोडली आणि हे माझं शरीर आहे असं म्हणाला. द्राक्षारसाचा प्याला पुढे केला आणि हे माझं रक्त आहे असं म्हणाला. मिस्सेत धर्मगुरू वेदीपाशी उभा राहून तेच शब्द उच्चारतो. कॅथलिक श्रद्धा अशी की त्या वेळी भाकर आणि द्राक्षारस खरोखरच ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. रंग, चव, आकार सगळं पूर्वीसारखंच राहतं, पण वस्तू तीच राहत नाही. १२१५ मध्ये रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या बिशपांच्या सभेने, ही शिकवण अधिकृत शब्दांत मांडली.

ही गोष्ट आपल्याला पटते की नाही, हा वेगळा प्रश्न. ज्यांनी ते चर्च बांधलं त्यांना ती पूर्णपणे पटलेली होती आणि प्रत्येक दगड त्यांनी त्या विश्वासाने रचला, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. लांबलचक दालन एका टोकाकडे खेचलेलं का, खांबांच्या रांगा तिकडेच का नेतात, सगळ्यात जास्त उजेड आणि सगळ्यात जास्त कोरीवकाम तिथेच का, याचं उत्तर वेदी हे आहे.

अवशेषांचं काय? सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी श्रद्धेसाठी जीव दिलेल्या हुतात्म्यांच्या थडग्यांपाशी उपासना केली. रोमचं सेंट पीटर्स बॅसिलिका संत पीटरची कबर मानल्या गेलेल्या जागेवरच उभं आहे. पुढे ७८७ मधल्या निकेयाच्या दुसऱ्या परिषदेने अवशेषांशिवाय चर्चची प्रतिष्ठापना करू नये असं ठरवलं. म्हणून वेदीत किंवा वेदीखाली एखाद्या संताच्या हाडाचा तुकडा असतो, बहुतेक वेळा बाहेरून न दिसणारा.

तेल वेदीपुरतंच नसतं. जुन्या चर्चच्या भिंतींवर डोळ्यांच्या पातळीच्या जरा वर तळहाताएवढे क्रूस शोधा. काही रंगवलेले असतात, काही दगडात कोरलेले. परंपरेने ते बारा असतात, येशूच्या बारा प्रेषितांसाठी, आणि पुष्कळदा प्रत्येकाखाली मेणबत्ती खोचायला लोखंडी किंवा पितळी कडं असतं. चर्चची प्रतिष्ठापना झाली त्या दिवशी बिशपने भिंतीला जिथे जिथे तेल लावलं, त्या या जागा. बहुतेक पर्यटक त्यांच्या शेजारून निघून जातात. मला विचाराल तर छतावरच्या चित्रांआधी हे क्रूस शोधावेत, कारण ही इमारत कधीतरी चर्च झाली, तो दिवस त्यांच्यापाशी नोंदलेला आहे.

लाल दिवा कुठे आहे?

आत गेल्यावर मी सर्वांत आधी शोधतो तो एक छोटा दिवा. बहुतेक ठिकाणी त्याची काच लाल असते. तो छताला साखळीने टांगलेला असतो किंवा भिंतीवर बसवलेला असतो, आणि दिवसरात्र तेवत असतो. त्याच्याजवळ एक कुलूपबंद पेटी दिसेल, कधी सोन्याचा मुलामा दिलेली, कधी साधी धातूची, कधी पडद्याने झाकलेली. तिला टॅबरनॅकल म्हणतात. मिस्सेत पवित्र केलेली भाकर, म्हणजे पातळ गोल चकत्या, तिच्यात ठेवतात. त्या आजारी आणि मरणासन्न माणसांकडे नेण्यासाठी असतात, आणि कुणाला समोर बसून प्रार्थना करायची असेल तर त्यासाठीही. पेटीसमोर दिवा सतत तेवत ठेवावा असा चर्चच्या कायद्यात नियम आहे.

आता त्या शांततेकडे बघा. आपल्याला चर्च रिकामं वाटतं. कोपऱ्यात डोळे मिटून बसलेल्या म्हातारीला ते रिकामं वाटत नाही. तिच्या श्रद्धेप्रमाणे ख्रिस्त त्या पेटीत प्रत्यक्ष आहे. म्हणून ती आत आल्यावर उजवा गुडघा जमिनीला टेकवते आणि मगच बाकावर बसते. म्हणून लोक कुजबुजत बोलतात. जिथे दिवा नसतो तिथे तेच लोक मोकळेपणाने बोलतात. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरातलं तेराव्या शतकातलं डॉमिनिकन चर्च आज पुस्तकांचं दुकान आहे. कमानी त्याच, पण तिथे कुणी गुडघा टेकत नाही.

काही मोठ्या चर्चमध्ये टॅबरनॅकल मुख्य वेदीपाशी नसून कडेच्या छोट्या दालनात असतं आणि दारावर 'फक्त प्रार्थनेसाठी' अशी पाटी असते. त्या पाटीचा मान ठेवावा. तिथे बसायला कुणालाच मनाई नसते, फिरून बघायला मात्र असते.

वर्षातून एकदा ही पेटी उघडी आणि रिकामी दिसते. गुड फ्रायडेला मिस्सा होत नाही, वेदीवरचं कापड काढलेलं असतं, पेटीचं दार सताड उघडं असतं आणि समोरचा दिवा विझलेला असतो. त्या दिवशी गेलात तर डागडुजी चालली आहे असं समजू नका. येशूच्या मरणाचा दिवस इमारतीवर असा दाखवलेला असतो.

एकाच चर्चमध्ये दोन वेद्या का?

हा प्रश्न सर्वाधिक लोकांना पडतो. मागच्या भिंतीला लागून एक भव्य जुनी वेदी: पायऱ्या, खांब, मूर्ती, मधोमध चित्र. तिच्यापुढे काही फुटांवर दुसरी, साधी, बरेचदा आधुनिक. कुणीतरी सुंदर रचनेत नवं फर्निचर आणून ठेवल्यासारखं वाटतं.

याचं कारण १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत आणि तिच्यानंतर झालेल्या बदलांत आहे. तोवर धर्मगुरू आणि लोक एकाच दिशेला तोंड करून उभे राहत, बहुधा पूर्वेला, कारण पुनरुत्थित ख्रिस्त उगवत्या सूर्यासारखा तिकडून येईल अशी जुनी कल्पना होती. धर्मगुरू लोकांकडे पाठ फिरवून उभा राहायचा असं सर्रास म्हटलं जातं. तेव्हाच्या लोकांनी त्याकडे तसं पाहिलं नसावं: तो त्यांच्या पुढे उभा होता आणि सगळे एकाच दिशेला बघत होते. १९६३ मध्ये परिषदेने उपासनेच्या सुधारणेचा मसुदा संमत केला. लोकांनी नुसतं बघत न बसता सहभागी व्हावं हा त्याचा गाभा होता. लॅटिनच्या जागी लोकांच्या भाषा आल्या. वेदी भिंतीपासून सुटी असावी, धर्मगुरूला लोकांसमोर उभं राहता यावं, असं १९६४ मध्ये सांगण्यात आलं. जुनी वेदी तोडणं बहुतेकांना नको होतं, म्हणून तिच्यापुढे नवी आली. नोत्र दाममध्ये मनोरा कोसळून चिरडली गेली ती अशीच १९८९ मधली पुढची वेदी. मागची कूस्तू या शिल्पकाराची पिएता, म्हणजे मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेली मरिया, आणि तिच्या मागचा सोनेरी क्रूस वाचला.

असा बदल पहिल्यांदाच झाला असंही नाही. मध्ययुगात वेदीच्या पुढे मोठ्या आडव्या भिंती असत. आत साधू किंवा धर्मगुरू, बाहेर सामान्य लोक. प्रोटेस्टंट चळवळीला उत्तर म्हणून १५४५ ते १५६३ या काळात ट्रेंटची परिषद भरली. त्यानंतर लोकांना वेदी दिसली पाहिजे आणि प्रवचन ऐकू आलं पाहिजे यावर भर आला. रोममधलं जेसुइट या कॅथलिक संघाचं जेझू चर्च १५६८ मध्ये बांधायला घेतलं ते याच विचाराने: एकच रुंद दालन, मध्ये अडथळा नाही, कडेला प्रवचनाचा मंच. जुन्या चर्चमधल्या आडव्या भिंती पाडायला लागले ते त्याच काळात.

फ्लॉरेन्समधल्या सांता मारिया नोव्हेला चर्चची आडवी भिंत १५६० च्या दशकात चित्रकार आणि वास्तुकार वासारीने काढून टाकली आणि कडेला नव्या वेद्या उभारल्या. त्यातली एक वेदी मसाच्चोच्या 'त्रैक्य' या भित्तिचित्रावर आली. सपाट भिंतीवर खोल दालन असल्याचा भास निर्माण करणारं हे चित्र १४२७ च्या सुमारास काढलेलं, आज जगातल्या सर्वांत महत्त्वाच्या चित्रांत गणलं जाणारं. ते सुमारे तीनशे वर्षं झाकलेलं राहिलं आणि १८६० च्या सुमारास पुन्हा सापडलं. वासारीला मसाच्चोची थोरवी चांगली ठाऊक होती. तरीही लोकांच्या उपासनेला वेदी हवी होती, आणि चर्चमध्ये उपासनेचा शब्द शेवटचा असतो.

पिढ्यान्‌पिढ्या राहत्या वाड्याशी याची तुलना करता येईल. पाया पणजोबांचा, माडी आजोबांची, न्हाणीघर कालपरवाचं. कुणीही तो एका काळात गोठवून ठेवला नाही, कारण त्यात माणसं राहत होती. चर्चमधल्या विसंगतीही अशाच वाचाव्यात. बाराव्या शतकातल्या खांबाजवळ ईस्टरची उंच मेणबत्ती दिसेल. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेची पहिली आणि शेवटची अक्षरं, धुपाचे पाच खडे आणि एक साल लिहिलेलं असतं. ते साल चालू वर्षाचं असतं. ही मेणबत्ती दर ईस्टरच्या रात्री नवी लावतात.

कडेच्या एवढ्या छोट्या दालनांचं काय?

मुख्य दालनाच्या दोन्ही बाजूंना रांगेने छोटी दालनं असतात, प्रत्येकात स्वतंत्र वेदी. एका चर्चला वीस वेद्या कशाला? कारण पूर्वी प्रत्येक धर्मगुरू साधारण रोज आपली मिस्सा स्वतंत्रपणे अर्पण करत असे आणि मोठ्या मठात असे अनेक धर्मगुरू होते. शिवाय मृतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा अर्पण करता येते. श्रीमंत घराणी आणि कारागिरांचे संघ एखादं दालन बांधून देत, सजवत, आणि तिथे आपल्या मृतांसाठी नेमाने मिस्सा व्हावी अशी व्यवस्था करत. आज आपण ज्यांना उत्तम कलाकृती म्हणून बघतो त्यांतल्या कितीतरी अशा एखाद्या घरच्या दुःखातून आलेल्या आहेत.

मूर्ती कुणाची हे ओळखायला नावं वाचता येण्याची गरज नाही. हातातली वस्तू बघायची. किल्ल्या असतील तर पीटर, तलवार असेल तर बहुधा पॉल. मोडलेलं चाक कॅथरीनचं, लोखंडी जाळी लॉरेन्सची, तबकातले डोळे ल्युसीचे, बाणांनी विंधलेला सेबॅस्टियन. मांडीवरची जखम दाखवणारा आणि शेजारी कुत्रा असलेला रॉक. रॉक आणि सेबॅस्टियन प्लेगमध्ये धावून येणारे संत मानले जात. दोघं एकत्र दिसले तर त्या गावाने प्लेग पाहिला असण्याची दाट शक्यता असते.

एक गोष्ट मनापासून सांगतो. चर्चमधलं चित्र जवळ जाऊन बघण्याआधी ते जिथून बघितलं जावं म्हणून काढलं, तिथे उभे राहा. व्हेनिसच्या फ्रारी चर्चमध्ये टिशियनचं मरियेच्या स्वर्गारोहणाचं प्रचंड चित्र मुख्य वेदीवर आहे. तिथली मध्ययुगीन आडवी भिंत अजून शाबूत आहे. दारातून आत आलात की त्या भिंतीच्या कमानीत ते लालबुंद चित्र बरोबर बसलेलं दिसतं. एकोणिसाव्या शतकात ते संग्रहालयात हलवलं गेलं आणि १९१९ मध्ये परत आपल्या जागी आलं. संग्रहालयात चित्र होतं, पण त्याची कमान, अंतर आणि वेदी नव्हती.

'ही मूर्तिपूजाच नाही का?'

हा आक्षेप ख्रिस्ती धर्माच्या आतूनच आलेला आहे. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी चित्रं आणि मूर्ती नष्ट करण्याचे हुकूम काढले होते. निकेयाच्या त्याच ७८७ मधल्या परिषदेने निकाल दिला: आराधना फक्त देवाची, चित्राला दिलेला मान चित्रातल्या व्यक्तीकडे जातो. संतांकडे लोक मागतात ते 'माझ्यासाठी देवाकडे शब्द टाक' असं. सोळाव्या शतकात अनेक प्रोटेस्टंटांनी हा फरक मानला नाही आणि चर्चमधल्या मूर्ती फोडल्या. उत्तर युरोपातल्या काही जुन्या चर्चमध्ये मुंडकी उडवलेले संत आजही दिसतात ते त्यामुळे. वाद अजून मिटलेला नाही, पण कॅथलिक माणूस मूर्तीपुढे काय करतो आहे हे त्याच्याच समजुतीने पाहिलं तर दृश्य वेगळं दिसतं.

'आम्ही ख्रिस्ती नाही, आत गेलं तर चालतं का?'

चालतं. निःसंकोच जा. काही साध्या गोष्टी सांभाळल्या की झालं. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पुरुषांनी टोपी काढावी. दाराशी पवित्र पाण्याचं भांडं असतं. लोक त्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतात, तुम्ही ते करायलाच हवं असं नाही. गुडघा टेकणंही तुमच्यावर बंधनकारक नाही. भिंतीला लागून लाकडी कपाटासारखी रचना दिसेल, मध्ये धर्मगुरूची बसायची जागा आणि कडेला जाळी. लोक तिथे आपली पापं सांगून क्षमा मागतात. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी तिचा प्रसार केला. तिचं दार उघडून बघू नका, तिच्याजवळ रेंगाळू नका. आत कुणीतरी आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट सांगत असेल.

मिस्सा चालू असेल तर फिरू नये. मागच्या बाकावर बसावं. लोक उभे राहिले की उभं राहावं, ते गुडघ्यावर गेले तर बसून राहिलं तरी चालतं. मध्येच शेजारी हात पुढे करतील किंवा मान झुकवतील, ती शांतीची सदिच्छा असते, तिला प्रतिसाद द्या. पण लोक रांगेने पुढे जाऊन ती पवित्र चकती घेतात तेव्हा बाकावरच थांबा. ती कॅथलिकांसाठी असते, आणि त्यांच्यातलेही सगळे प्रत्येक वेळी घेत नाहीत, त्यामुळे तुम्ही बसून राहिलात तर वेगळं दिसत नाही. कुतूहलापोटी ती घेऊन खिशात ठेवणं तर फार गंभीर गोष्ट आहे. पेटीसमोरचा दिवा कशासाठी तेवतो हे आठवलं तर कारण सांगावं लागणार नाही.

फोटोंचं म्हणाल तर पाटी बघा आणि मनाई नसेल तर फ्लॅशशिवाय काढा. प्रार्थना करणाऱ्या माणसाचा मात्र कधीच काढू नका.

'एवढं सोनं कशाला? गरिबांना का नाही दिलं?'

हा प्रश्न रास्त आहे, आणि तो चर्चमधल्याच माणसांनी सर्वांत कठोरपणे विचारला आहे. बाराव्या शतकात क्लेअरवोचे मठाधिपती बर्नार्ड यांनी भिंती सोन्याने झळकतात आणि गरीब उघडे राहतात, अशा अर्थाची जळजळीत टीका केली. त्यांच्या सिस्टर्शियन पंथाने फोंतने, ल थोरोने यांसारखी चर्चं बांधली: रंगीत काच नाही, मूर्ती जवळपास नाहीत, फक्त दगड आणि उजेड. त्याच काळात दुसरी बाजू म्हणत होती की देवाच्या वेदीला उत्तमातलं उत्तमच द्यावं, आणि गरिबालाही वर्षानुवर्षं पाहायला मिळणारी ही एकच श्रीमंती आहे.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण एवढ्यावर थांबू नये. काही चर्चमधली संपत्ती अमेरिका आणि इतर खंडांतल्या वसाहतींतून लुटीने आणि वेठबिगारीने आली. वेदीच्या सौंदर्याने दिपून जाताना हेही विचारलं पाहिजे. तीर्थक्षेत्राच्या चर्चमध्ये मात्र याच्या अगदी उलट गोष्टी दिसतात: पत्र्याचं छोटं हृदय, पाय, डोळे, किंवा गाडीवरून पडलेल्या माणसाचं अडाणी हातांनी रंगवलेलं चित्र. बरं वाटल्यावर साध्या माणसांनी फेडलेल्या नवसाच्या या वस्तू. सोन्याच्या वेदीला पाच मिनिटं दिलीत तर यांना दहा द्या.

तिकीट, बंद दार आणि एक सल्ला

नोत्र दाम उघडण्याच्या आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, फ्रान्सच्या संस्कृतिमंत्र्यांनी पर्यटकांकडून पाच युरो घ्यावेत आणि ते जुन्या चर्चच्या दुरुस्तीला वापरावेत असं सुचवलं. चर्चने विरोध केला. १९०५ च्या कायद्यानंतर तिथली कॅथीड्रलं सरकारच्या मालकीची आणि गावोगावची जुनी चर्चं नगरपालिकांची आहेत, वापर मात्र चर्चचा. दार सर्वांना सारखंच उघडं राहावं ही चर्चची भूमिका, आणि प्रवेश विनामूल्यच राहिला. रोमच्या पँथिऑनला, जे सातव्या शतकापासून चर्च आहे, जुलै २०२३ पासून पर्यटकांना तिकीट लागतं. मिस्सेला येणाऱ्यांना लागत नाही. चर्चचा कायदा सांगतो तो एवढाच: उपासनेच्या वेळी प्रवेश मुक्त आणि फुकट असला पाहिजे. जिथे प्रार्थनेसाठी वेगळं दार असतं तिथून तिकीट चुकवायला शिरू नका. तो पैसा बहुधा इमारतीच्या देखभालीला लागतो.

खेड्यातलं लहान चर्च मात्र पुष्कळदा बंदच सापडतं, कारण युरोपात अनेक ठिकाणी एकच धर्मगुरू कितीतरी चर्चं सांभाळतो. दारावरच्या फलकावर मिस्सेच्या वेळा लिहिलेल्या असतात. आठवड्यातल्या साध्या दिवसाची मिस्सा सुमारे अर्ध्या तासात संपते. तिला मागे बसा. वेदी, पेटी, वाचनाचा मंच, घंटा या वस्तू नुसत्या ठेवलेल्या दिसतात त्यापेक्षा वापरात पाहिल्या की कितीतरी लवकर समजतात. मिस्सा संपल्यावर मेणबत्त्या विझवणारा, किल्ल्या सांभाळणारा माणूस पुढे येईल. त्याला गाठा. तळघर आहे का, जुनी वेदी कुठली, भिंतीवरचे क्रूस कुठे आहेत, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि विचारणारं माणूस भेटलं तर तो बहुधा दार बंद करायची घाई करत नाही.